पेट्रोलच्या टाकीत डिझेल

गाडी बंद पडली की मामा गाडीकडे जात नसत, आधी माणसांकडे जात. "शेवटचं कोण बसलं व्हतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कोणी पाना घेऊन धावला तर त्याला थांबवत, "आधी इचारायचं, मग खोलायचं." पाण्याची मोटर असो की स्वयंपाकघरातला मिक्सर, चौकशी माणसांचीच व्हायची. अशी चौकशी करणारे तुम्हीही पाहिले असतील, पण त्यांतले बहुतेक जण उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. मामा ऐकून घेत.

मार्गासनीच्या पुढे, डोंगराच्या उतारावर एक रिसॉर्ट आहे. मी तिथे हिशेब पाहतो. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि आमच्याकडे गोल्फ कार्ट चालवायला आले. आमच्या पंचक्रोशीत गोल्फ कोणी खेळत नाही. पण पाहुण्याने फाटकापासून खोलीपर्यंत चालत जाणं मालकांना कमीपणाचं वाटे, म्हणून त्यांनी पुण्याहून एक जुनी, पेट्रोलवर चालणारी कार्ट आणली. ते पाहुणे राजगड चढायला आलेले असत, हा भाग वेगळा.

पहिल्या दिवशी मामा पुरते चक्रावले. पेडलवर पाय दिला की इंजिन सुरू, पाय काढला की गप्प. प्रत्येक थांब्यावर ते खाली उतरत आणि गाडीभोवती फेरी मारत.

"भाऊसाहेब, हिला झालंय तरी काय? पाय काढला की जीव जातो, दिला की परत येतो."

तिची घडणच तशी आहे, हे कळल्यावर त्यांना भीती वाटायची थांबली आणि कुतूहल सुरू झालं. दोन दिवस ते नुसते पाय देत होते, काढत होते आणि कान लावून ऐकत होते. मग दिसेल त्याला शिकवत सुटले. आचाऱ्याला शिकवलं, मला शिकवलं आणि खोल्या झाडणाऱ्या बायडालाही शिकवलं. बायडा वरच्या धनगरवाड्यातली. पहिल्याच फेरीत तिनं कार्ट जास्वंदीत घातली.

"बायडे, शेरडं हाकतीस न्हवं? ही तर वळवंल तिकडं वळती!"

"शेरडांना डोळं असत्यात, मामा!"

पण ती शिकली.

नव्या सभागृहाच्या उद्घाटनाचा दिवस उजाडला. प्रमुख पाहुणे कार्टमधून वर येणार, दोन्ही बाजूंनी फुलं उधळली जाणार, अशी योजना होती. कार्टला झेंडूच्या माळा बांधल्या, सीटवर मखमल अंथरली. मामांनी पेडलवर पाय दिला. इंजिन फिरलं, मागून पांढुरका धूर निघाला आणि सगळं थांबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा धूरही आला नाही.

आचारी म्हणाला, बॅटरी. माळी म्हणाला, प्लग. डेकोरेशनवाला म्हणाला, ढकलू या. मामांनी सगळ्यांना तोच प्रश्न विचारला. जो तो म्हणाला, मी नाही. बायडा तेव्हा वरच्या खोल्यांत चादरी बदलत होती.

मग त्यांनी सीट उचलली, टाकीचं झाकण काढलं, वास घेतला आणि एक काडी आत बुडवून दोन थेंब बोटांवर घेतले. पेट्रोल बोटांवरून बघता बघता उडून जातं. हे चिकटून राहिलं. त्यांनी माझ्यासमोर बोटं धरली. डिझेल. जनरेटरसाठी ठेवलेल्या कॅनमधलं.

मामा कार्टच्या मागच्या बाजूला गेले. तिथल्या उलट्या तोंडाच्या सीटच्या फटीत शेळीच्या चार-दोन लेंड्या अडकल्या होत्या. त्यांनी त्या एक एक करून वेचल्या आणि मुठीत धरल्या.

तेवढ्यात मालक आले. "कोणी ओतलं? नाव सांगा. आजच्या आज घरी पाठवतो त्याला."

मामा मूठ मिटून उभे होते. "म्याच वतलं, सायेब. कॅन सारखेच दिसत्यात. चूक झाली."

एसटीचा ड्रायव्हर, आणि पेट्रोलच्या टाकीत डिझेल! माणूस रागावतो तेव्हा निदान समोरच्याला शहाणा धरून रागावतो. इथं मालकांना हसू आलं, आणि ते जास्त वाईट होतं. प्रमुख पाहुणे पायी चढून आले. भाषण सुरू करायला त्यांना थोडा वेळ लागला, एवढंच.

दुपारी टाकी रिकामी करताना मी मामांना गाठलं.

"काल संध्याकाळी बायडाची शेळी अडली व्हती," ते हळूच म्हणाले. "विंझरच्या डाक्टरकडं न्ह्यायला वाहन न्हवतं. चावी म्याच दिली. दोन करडं झाली. आल्यावर म्हनली, मामा, दुसऱ्याची गाडी फुकाट कशी वापरू, तेल भरून ठिवलंय."

"मग मालकांना हे सांगायचं."

"शेळीसाठी गाडी दिली म्हनू? मग ती बी जाईल, म्या बी जाईन. तिच्या घरात दुसरं कमावतं कोन हाय?"

"निदान तिला तरी सांगा."

"तिला सांगितलं तर ती सोताच जाऊन सायबांना सांगंल. तसली हाय ती."

त्या दिवसापासून मामांचं नाव 'डिझेलमामा' पडलं. हसण्यात बायडाचा आवाज सगळ्यांत मोठा असे. "मामा, चहात राकेल न्हाई ना वतलं?" असं विचारून ती कप पुढे करी. मामा कप नाकाशी नेत, विचार केल्यासारखं करत आणि म्हणत, "वाईच हाय." सगळे पुन्हा हसत.

पुढे मालकांनी बॅटरीवर चालणारी कार्ट घेतली आणि ती चालवायला पुण्याचा माणूस ठेवला. मामांना कोणी जा म्हटलं नाही, पण काम उरलं नाही. एका सकाळी फाटकापाशी सगळ्यांना हात जोडून ते भोरला मुलाकडे निघून गेले.

परवा बायडा माझ्या टेबलाशी खोल्यांच्या किल्ल्या ठेवायला आली. शेळीची दोन्ही करडं आता मोठी झालीत, एक गाभण आहे, असं सांगत होती. मामांचा विषय निघाला.

"लई भला मानूस," ती म्हणाली. "माज्या शेळीसाठी चावी काढून दिली, का कू केलं न्हाई. पर भाऊसाहेब, एक सांगू? डायवर काय खरं न्हवतं. डिझेल कंचं अन् पेट्रोल कंचं, एवढंबी कळना त्यांना."

मी किल्ल्या मोजून घेतल्या आणि सगळ्या बरोबर आहेत म्हणालो.