फर्स्ट बेसवरचा पहारा

हे मी अजून कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. ज्याच्यासोबत रोज डबा खातो त्या देशमुखजवळ तर नाहीच नाही, कारण त्याला दुपारी सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या नवीन जालन्यात झालं असतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? बघा, इथपासूनच माझी शंका सुरू.

शंका घेणं हा माझा स्वभाव आहे आणि पोटापाण्याचा धंदाही. बियाण्याच्या कंपनीत शुद्धता तपासायच्या टेबलावर मी बसतो. समोर नमुना ओतायचा आणि त्यातला परका दाणा हुडकून बाजूला काढायचा, दिवसभर हेच काम. घरी आलो तरी नजर तीच. भाजीवाल्याचा काटा, ऑटोवाल्याजवळ नेमके नसलेले सुट्टे पैसे, शेजाऱ्याचं गरजेपेक्षा गोड बोलणं — मला सगळीकडं भेसळ दिसते. बायको म्हणते, तुम्ही देवाच्या प्रसादाचाही आधी वास घ्याल. खरं आहे. पण ही मी सबब सांगतोय असं वाटलं तर मला इथंच अडवा.

तर — सॉफ्टबॉल.

माझी सायली तेव्हा सहावीत होती. तिच्या शाळेतले खेळाचे शिक्षक दर रविवारी सकाळी मुलींना मैदानावर बोलवायचे. फी नाही, बक्षीस नाही, नुसती हौस. त्यांना आम्ही सगळे ‘सर’च म्हणायचो. सर मुलींच्या दोन टीम करायचे, एक पिवळी आणि एक निळी. बेस म्हणून आमच्या कंपनीच्या रिकाम्या पिशव्या वाळू भरून ठेवलेल्या असत. त्या मीच आणून दिल्या होत्या, आणि ते मी येईल त्याला सांगायचो.

मुलींपेक्षा आम्ही पालकच जास्त खेळायचो — तोंडानं. सगळ्यांचं ज्ञान क्रिकेटचं. एक गृहस्थ दर रविवारी तोच वाद काढायचे, “क्रीज सोडली की बाद, मंग ह्या पोरी पहिल्या बेसच्या पुढं पळत जाऊन राह्यल्या, त्या बाद का न्हाईत?” सर शांतपणे सांगायचे की पहिल्या बेसवरून पुढं पळत गेलेलं चालतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पण सगळ्यात मोठं भांडण व्हायचं ते बेस कधी सोडायचा यावरून. नियम सोपा आहे. बेसवर थांबलेल्या मुलीनं पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, हातातून चेंडू सुटेपर्यंत पाय बेसवरून हलवायचा नाही. आधी हलवला की ती आउट. पण हे बघायचं कुणी? सर एकटेच पंच, ते बॅट घेतलेल्या मुलीच्या मागं उभे. त्यांना तिकडचा पाय काय दिसणार?

मग सरांनी एक रीत पाडली. जी टीम चेंडू टाकते तिच्यातला एक पालक फर्स्ट बेसजवळ पहाऱ्याला उभा राहील. मुलगी आधी निघाली तर त्यानं ओरडायचं, “सुटली!” त्याचा शब्द शेवटचा, त्यावर वाद नाही. कुठं उभं राहायचं हेसुद्धा सरांनी दाखवलं होतं. पिशवीच्या मागं, जरा बाहेरच्या बाजूला. तिथून धावणारीचा पाय आणि पिचरचा हात दोन्ही एका नजरेत येतात. दुसरीकडं कुठंही उभं राहा, एकच काहीतरी दिसतं.

हे लक्षात ठेवा. मी दुसरीकडं उभा होतो.

पण आधी प्रज्ञाबद्दल सांगितलं पाहिजे. ती उशिरा आली, दिवाळीनंतर. सायलीच्याच शाळेत होती, तुकडी वेगळी. किडकिडीत, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि पळायला लागली की आमची बडबड बंद पडायची. पहिल्या दिवशी मी तिला नाव विचारलं. म्हणाली, प्रज्ञा. मी म्हणालो, “पूर्ण नाव सांग ना बाळा.” तिनं सांगितलं, आडनावासकट. पूर्ण नाव का विचारतात हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी मनाशी म्हणालो, सर्टिफिकेटसाठी विचारलं. सर्टिफिकेट मी देणार होतो का?

तिची आई सरकारी दवाखान्यात सिस्टर. मूळची टेंभुर्णीची. रात्रपाळी करून आलेली असली तरी लेकीला घेऊन यायची आणि लिंबाखाली उभी राहायची. आमच्यात फारशी मिसळली नाही. की आम्हीच जागा करून दिली नाही? बायका सतरंजीवर बसलेल्या असायच्या, त्यातली कुणी सरकल्याचं मला आठवत नाही.

प्रज्ञा बेस सोडायची तो क्षण इतका अचूक असायचा की मला खटकायला लागलं. चेंडू हातातून सुटला रे सुटला की पोरगी हवेत. नवी पोर, एवढं बराबर कसं जमतं? पहिल्यांदा वाटलं, वय चोरलंय. मी सरांना बाजूला घेऊन म्हणालो, हिचं आधार कार्ड एकदा बघा. सरांनी बघितलं. सायलीपेक्षा काही महिन्यांनी लहानच निघाली. मग वाटलं, आई खुणा करते. एक अख्खा रविवार मी खेळ सोडून त्या बाईच्या पदराकडं बघत उभा होतो. पदर हलला की पोर पळते का? वारा होता, दुसरं काहीच नव्हतं. एखाद्याची शंका इथं फिटली असती. माझी वाढली. काहीच सापडत नाही म्हणजे किती हुशारीनं लपवलंय, असं वाटायला लागलं.

आणि हो — दुसऱ्या कुठल्या मुलीचं आधार कार्ड मी बघायला लावलं होतं का? नाही.

त्या रविवारी सर टीम निवडणार होते. संभाजीनगरला मुलींचे सामने होते, आणि आमच्या मैदानावरच्या निवडक मुली तिकडं जाणार होत्या. त्यामुळं सगळे पालक वेळेआधी हजर, इस्त्रीचे कपडे घालून. सायली पिवळ्या टीमची पिचर, प्रज्ञा निळ्यात. शेवटचा डाव, निळ्यांची एकच आउट बाकी, आम्ही एका रननं पुढं, प्रज्ञा फर्स्ट बेसवर, आणि पहाऱ्याला मी.

सायलीचे आधीचे दोन चेंडू फार वाईट पडले होते. तिला नीट बघता यावं म्हणून मी सरांनी सांगितलेल्या जागेवरून पुढं सरकलो. माझी नजर तिच्या हातावर होती. फक्त तिच्या हातावर. मनात म्हणत होतो, टाक बेटा, नीट टाक. चेंडू गेला. मी मान वळवली तर प्रज्ञा निम्म्या वाटेवर!

मी ओरडलो, “सुटली!”

मी पाय पाहिला नव्हता. हेच ते. इतकी वर्षं जे गिळून बसलोय ते एवढंच आहे — मी तिचा पाय पाहिलाच नव्हता. एवढी पुढं गेली म्हणजे आधीच निघाली असणार, असं मी धरून चाललो. खोटं बोललो का? त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं. पण वाटणं आणि पाहणं यातला फरक मला कळत नाही का? त्याच फरकाचा तर मी पगार घेतो.

प्रज्ञा आउट, सामना संपला, पिवळी टीम नाचायला लागली. प्रज्ञा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, “काका, पाय पिशवीवरच होता माझा. बिलकुल हलवला न्हाई.” मी म्हणालो, मोठ्यांना उलट बोलू नये. मग तिची आई आली. आवाजही चढवला नाही तिनं. एवढंच विचारलं, “भाऊ, तुम्ही स्वतः पाह्यलं का?”

‘नाही, ताई’ म्हणायला किती वेळ लागतो? चेंडू पुन्हा टाकला असता, एवढंच झालं असतं. पण सगळे बघत होते, आणि त्या बाईनं मला विचारावं याचाच मला राग आला. मी सायलीला हाताला धरून ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “ह्या लेकराची शपथ. माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय.”

मला कुणी शपथ मागितली नव्हती.

लेकराच्या डोक्यावर हात ठेवल्यावर आपल्याकडं कोण काय बोलणार? ती बाई माझ्याकडं नाही, सायलीकडं बघत राहिली थोडा वेळ. मग लेकीला म्हणाली, “चल.”

दुपारी जेवताना सायलीचा घास तोंडात जाईना. मला वाटलं दमली असेल. शेवटी बोलली, “बाबा, प्रज्ञा आधी न्हाई सुटली. मी श्वास धरते ना, तेव्हा माझा खांदा वर येतो. खांदा खाली आला की चेंडू सुटतो. मीच तिला सांगितल्तं. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी तेच खेळतो.”

मी चिडलो. समोरच्या टीमच्या पोरीला असं कुणी सांगतं का? सायली म्हणाली, “मैत्रीण ए ना माझी.” आणि मग तिनं जे विचारलं ते मला अजून झोपू देत नाही. “तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. मंग आता मला काही होईल का?”

मी काय उत्तर दिलं असेल? म्हणालो, खरं सांगितल्यावर काही होत नसतं. पोटच्या पोरीला, तिच्या ताटापुढं बसून, दुसऱ्यांदा तेच सांगितलं. आणि या वेळी ते खोटं आहे हे मला पक्कं माहीत होतं.

वाईट भाग अजून पुढंच आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांचा फोन आला. म्हणाले, पोरगी फार चांगली आहे, घ्यायची इच्छा आहे, पण कालच्या प्रकारावर पालक कुरकुर करून राह्यले, तुम्हीच सांगा. म्हणजे तिचं जाणं माझ्या एका शब्दावर आलं होतं. खांद्याचं मला कळलेलं होतं. मी म्हणालो, “तुमची मर्जी, सर. पण तिकडं जाऊन अशीच सुटली तर नाव आपल्या जालन्याचं जाईल.”

सरांनी तिला वगळलं. सायली गेली. तिथं ती कशी खेळली ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. आल्यावर तिनं ग्लोव्ह कपाटावर टाकला आणि पुन्हा मैदानावर पाऊल ठेवलं नाही. प्रज्ञाही आली नाही. शाळेत पोरं तिला ‘सुटली’ म्हणून हाक मारायची. बाकावरून उठली तरी मागून आवाज — सुटली! हे मला सायलीच्या आईनं सांगितलं, हसत हसत, पोरं काय वात्रट असतात म्हणून. मीही हसलो. हसलो हो मी!

त्यानंतर सायलीला साधी शिंक आली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायचो. आणि यंदा तिला डेंग्यू झाला. खाजगीत जागा नव्हती, सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो, आणि वॉर्डात सिस्टर कोण? तीच. तिनं मला ओळखलं, मान हलवली आणि कामाला लागली. आणि मी काय केलं असेल? तिनं भरलेलं प्रत्येक इंजेक्शन मी वाकून बघायला लागलो. बाटलीवरचं नाव, तारीख, सगळं. ही आता त्याचा वचपा काढेल, असं माझ्या डोक्यात आलं होतं. तिच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? तिनं बाटली माझ्याकडं फिरवली, उजेडात धरली आणि म्हणाली, “वाचा, भाऊ.” मी वाचली. खाली मान घालून, पण वाचली.

सायली बरी झाली. त्या बाईनं रात्रंदिवस केलं तिचं. दुपारच्या वेळी प्रज्ञा आईचा डबा घेऊन यायची. आता उंच झालीय. एके दिवशी ती आली तेव्हा सायलीला सलाईन चालू होतं आणि प्रज्ञाची आई पलीकडच्या बाजूनं थेंब मोजत उभी होती. खाटेजवळ आम्ही चौघंच. प्रज्ञा सायलीकडं बघून थोडं हसली. ‘तू आधी सुटली नव्हतीस’, एवढंच वाक्य मला बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं. आईनं हिला घरी काय काय सांगितलं असेल, मी आत्ता बोललो तर ही बाहेर कुणाकुणाला सांगेल, असं काहीबाही डोक्यात फिरायला लागलं.

मी विचारलं, “कितवीला आहेस?”

“दहावीला.”

“खेळतेस का अजून?”

“न्हाई, काका.”

तिच्या आईनं थेंबांवरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं. सायलीही माझ्याकडंच बघत होती. तिघी थांबून राहिल्या.

मी म्हणालो, “छान. अभ्यास कर.”