दंडारीतली राजकन्या

नागभीडकडच्या त्या धानाच्या गावात लटारूला लटारू म्हणून कोणी हाक मारत नसे. म्हाताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे त्याला ‘राजकन्या’ म्हणत, आणि हा रांगडा गडी खुशाल ओ देई. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, गावाची दंडार हे नाचगाण्याचं नाटक उभं राही. त्या खेळात बायांची सोंगं पुरुषच घेत, आणि राजकन्येचं सोंग अठरा वर्षं लटारूकडे होतं. त्यानं मिशी उतरवली, की मंडई आली हे ओळखून बाया पाहुण्यांसाठी तांदूळ कांडायला घेत.

त्याला वाचता येत नव्हतं. शाळेतले नानाजी गुरुजी वाक्यं सांगत, तो पाठ करी. एकदा त्यानं विचारलं, “गुरुजी, एवढे वर्स झाले, पन राजकन्या म्हंजे नेमकं का जी?”

“राजाची कन्या ती राजकन्या. संस्कृतातून आलेला जुना शब्द आहे.”

“न् तिची माय?”

“राणी असणारच. पण शब्दात ती नाही. पोर बापावरूनच ओळखायची.”

लटारूला हा शब्द फार आवडला. त्याची वच्छला चार वर्षांची असताना तिची आई रुखमा तापानं गेली. तेव्हापासून पोरीचं न्हाणं, वेण्या, आजारपणं, सगळं त्यानंच केलं होतं. आई नसली तरी पोरीचं काही अडत नाही, असं खुद्द शब्दच सांगतो म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

छप्पन सालच्या मंडईला मात्र तोच जीव टांगणीला लागला. सोमाजी नावाचे पाहुणे आपल्या मुलासाठी वच्छलाला बघायला येणार होते, आणि दंडारीसाठी मुक्कामही करणार होते. मध्यस्थानं आधीच बजावलं, “बिनमायची पोरगी, तिले वळण कोनं लावलं, असं त्याईच्या घरी बोलून राह्यले. त्यात तू लुगडं नेसून नाचशील, त झालंच.”

लटारूनं यंदा सोंग घ्यायचं नाही असं ठरवलं. वच्छलानं ते ऐकलं, पेटी उघडली आणि रुखमाचं हिरवं लुगडं त्याच्यापुढे ठेवलं.

“बाबा, लपवून सोयरीक जमवाची असन, त मले ते घर नाई पाह्यजे.”

त्या वर्षीच्या खेळात राजकन्या सासरी निघते. रुखमाचं लुगडं नेसलेला लटारू राजाच्या पाया पडला, समोर बसलेले सोमाजी त्याला दिसले, आणि पुढचं वाक्य तो साफ विसरला. मग तोंडाला येईल ते तो बोलत गेला. “बाबा, पयल्या खेपेले मी भात करपवला, तुमी तोच खाल्ला. तुमी वेनी वाकडी घातली, मी तशीच शाळेत गेली. आता तुमाले कोन वाढन?” राजाच्या महालात भात करपतो कसा, हे कोणीच विचारलं नाही. बाया पदरानं डोळे पुसत होत्या.

सकाळी तो विहिरीवर तोंडाचा रंग घासत असताना सोमाजी येऊन उभे राहिले. लटारूनं ओले हात जोडले. “माफी असू द्या भाऊ. पोरीले माय नाई, म्हून...”

“कोन म्हनते नाई?” सोमाजी म्हणाले. “रातभर मी तिच्या मायलेच पाह्यलं ना बाप्पा. घरी जाऊन तेच सांगतो. मायच्या हाताखाली वाढली पोरगी.”

देवाचे, लेकीचे, की समोरच्या या माणसाचे, कोणाचे उपकार आधी मानावे, तेच लटारूला कळेना. त्यानं सोमाजींचे हात घट्ट धरले. मग अर्धं तोंड रंगलेलंच घेऊन, पाहुण्यांसाठी भात टाक म्हणून वच्छलाला सांगायला तो घराकडे धावला.