इमेल्डाचं नाक

इमेल्डा ग्रीनवेलला संशय घेण्याचा पगार मिळायचा. बार्ड्सटाउनबाहेर टेकडीवर जी बर्बनची, म्हणजे मक्याच्या व्हिस्कीची, भट्टी आहे, तिथे एकतीस वर्षं तिचं एकच काम: बाटलीत भरण्याआधी दारूचा वास घ्यायचा, घोटभर चाखायची, थुंकायची आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. चाखणारे एकूण पाच. पाचही जणांचा होकार आला तरच घाणा, म्हणजे पिंपांचं ते मिश्रण, पुढे जायचा. एकाचा नकार आला की सगळं ठप्प.

बाकीचे चौघे नकार देताना चाचरायचे. इमेल्डा चाचरायची नाही. ती पेल्यावरचं काचेचं झाकण उचलायची, नाक आत घालायची आणि हा पेला आपल्याला फसवायलाच मांडलाय अशा नजरेनं समोर बघायची. एकदा साठ पिंपांच्या मिश्रणात एक पिंप बुरसलेलं आहे असं ती म्हणाली. सगळे हसले. मग पिंपं तपासली, तर एक खरंच बुरसलेलं निघालं. तेव्हापासून तिच्या नाकापुढे मॅनेजरचीही बोलती बंद असायची.

हाच संशय ती घरीही घेऊन यायची; तिथे मात्र बिनपगारी. खाटीक काट्यावर अंगठा ठेवतो, चर्चमधले फादर गेल्या वर्षीचंच प्रवचन उगाळतात, शेजारीण विकतचा जॅम केक आणून स्वतः भाजल्याचं सांगते. तिचा नवरा वेंडेल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला, शांत माणूस. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं, पण केक खाऊ दे की मला."

जुलैत इमेल्डा तापानं दहा दिवस घरी होती. परत कामावर गेली आणि तिला पहिल्याच दिवशी कळलं की आपल्या पाठीमागे कुणीतरी काहीतरी केलंय. समोरचा पेला फिका होता.

"पोकळ आहे," ती म्हणाली. "नाही."

चाखणाऱ्यांची प्रमुख कॉरिन, रसायनशास्त्र शिकून आलेली, इमेल्डाच्या निम्म्या वयाची. ती हळूच म्हणाली, "मिस इमेल्डा, बाकी चौघांना काही वेगळं वाटलं नाही."

"चौघांना कोंबडी आणि टर्की यांतला फरक तरी कळतो का, ते आधी विचार."

त्या भट्टीची बर्बन मऊ. मक्याच्या जोडीला बहुतेक भट्ट्या राय नावाचं तिखटसर धान्य घालतात. ही गहू घालते. मध, लोणी, नुकताच भट्टीतून काढलेला पाव, असा तिचा वास. इमेल्डाला जगात एवढी एकच चव पसंत होती. वेंडेलला रायची तिखट आवडायची, तिला ती 'मिऱ्याचा काढा' म्हणायची. घरात दोन बाटल्या असायच्या, एक तिची आणि एक त्याची, आणि त्याचा काढा त्यानं बाहेर ओसरीत बसून प्यायचा असा चौतीस वर्षांचा नियम होता.

ऑगस्टमध्ये आणखी एक घाणा पोकळ निघाला. सप्टेंबरात तिसरा. मग इमेल्डानं चोर शोधायला घेतला, आणि चोर शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही.

डेल्मस सिसेल गोदामांचा मुकादम होता. सात मजली गोदामं, वरच्या मजल्यांवर उन्हाळाभर भट्टीसारखी धग, तिथली पिंपं जोमानं पिकतात. तळमजल्यावरची गारव्यात सुस्त पडून राहतात. कुठल्या घाण्याला कुठल्या मजल्यावरची किती पिंपं द्यायची, हे पस्तीस वर्षं डेल्मस ठरवायचा. गोदामांच्या चाव्यांचा जुडगा त्याच्या कमरेला. आता शिकागोहून वगैरे हौशी मंडळींची टोळकी यायची, स्वतःसाठी एकेक पिंप निवडायची, पिंपाला मिठी मारून फोटो काढायची. त्यांना पिंपं दाखवायची तीही डेल्मसनंच.

"झालं," इमेल्डा वेंडेलला म्हणाली. "चांगली पिंपं त्या शहरी पोरांना, नाहीतर दुसऱ्या भट्ट्यांना विकायच्या यादीत. आणि आमच्या पेल्यात तळमजल्यावरची मरतुकडी."

"डेल्मस? तो तुझ्याबरोबर शाळेत होता ना?"

"म्हणून तर ओळखते."

वरच्या साहेबांनीही हिशेब मांडलाच होता. तीन घाणे अडले, पिंपं निवडणारा एकच माणूस. ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी चौथा घाणा चाखायचा. तोही अडला तर डेल्मसच्या चाव्या काढून घ्यायच्या आणि त्याला पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या कामाला बसवायचं, असं ठरलं. हे सगळ्या भट्टीला ठाऊक होतं.

डेल्मसनं इमेल्डाला अंगणात गाठलं. टोपी हातात धरली होती त्यानं. "इमेल्डा, कुठल्या मजल्यावरची पाठवू, तूच सांग. तू म्हणशील ती पाठवतो."

"मी कशाला सांगू? तुझं काम तुला ठाऊक."

"मला वाटलं होतं ठाऊक आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

काय हा साळसूदपणा! इमेल्डाची खात्रीच पटली. चोर नसता तर माणूस भांडला असता.

आता पुरावा हवा होता. आपली मध-लोण्याची चव दुसऱ्या कुठल्या बाटलीत सापडली की डेल्मस सापडला. सोमवारच्या आधी दोन शनिवार हातात होते. वेंडेलनं गाडी काढली.

पहिली भट्टी नवी कोरी, सगळी काच आणि चकचकीत तांबं. काउंटरवरच्या मुलीनं दात दाखवत विचारलं, "तुम्हाला कशी आवडते? गोड, फळांची, की मसालेदार?"

"खरी," इमेल्डा म्हणाली.

मुलीनं चार पेले ओतले. इमेल्डानं चारही हुंगले, चाखले आणि वहीत चार वेळा 'पोकळ' लिहिलं. दुसरी भट्टी जुनी, दगडी, शेवाळलेली, तिथेही तेच. दुपारी तिसरीकडे एका पांढऱ्या मिशांच्या माणसानं आपल्या आजोबांच्या पद्धतीची म्हणून बारा वर्षं मुरलेली गव्हाची बर्बन काढली. वेंडेलनं पेला नुसता नाकाशी नेला आणि त्याचे डोळे मिटले. इमेल्डा म्हणाली, "पाणी घातलंय."

मिशीवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, ही बाटली माझ्या हातानं आत्ता फोडली."

"म्हणजे आधीच घातलं असणार."

परत येताना गाडीत ती एकेकाचा पंचनामा करत होती. वेंडेलनं मध्येच तोंड वाकडं करून सगळ्या काचा वर घेतल्या. रस्त्यात स्कंक नावाचं एक जनावर मरून पडलं होतं. त्याची दुर्गंधी कपड्यांना लागली तर आठवडाभर सुटत नाही. माझं बोलणं ऐकायचं नाही म्हणून काचा लावतो, असं इमेल्डाला वाटलं. काचा लावून बोलणं कसं थांबेल, हा विचार तिनं केला नाही. बुधवारी स्वयंपाकघरात घेवड्याचं पातेलं करपून कोळसा झालं आणि ती शेजारच्या खोलीतच होती. हल्लीच्या पातेल्यांना बूडच नसतं, असं तिनं जाहीर केलं.

दुसऱ्या शनिवारी चौथी भट्टी. स्प्रिंगफील्डच्या बाजूला, जुन्या पेंडीच्या दुकानात, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईनं थाटलेली. बाईंनी भरपूर रायची, पिंपातून थेट काढलेली, थेंबभर पाणी न घातलेली बर्बन ओतली. इमेल्डानं घोट घेतला. जीभ पेटली, घसा पेटला, डोळ्यांत पाणी आलं.

"ही!" तिनं पेला टेबलावर आपटला. "ही खरी! वेंडेल, घेऊन बघ. अख्ख्या परगण्यात एक प्रामाणिक बाई सापडली."

वेंडेलनं ओठ ओले केले. "ही रायची आहे, इमेल्डा."

"असू दे की! माझी चव हीच. एकतीस वर्षं उगाच त्या मऊ गुळमट पाण्यात नाक बुडवत बसले. बाई, दोन बाटल्या बांधा."

गणिताच्या बाई खूश झाल्या. वेंडेल मात्र गप्प झाला, आणि घर येईपर्यंत गप्पच राहिला. इमेल्डाला कुणी गप्प बसलेलं चालत नसे. ओसरीत पाऊल टाकताच तिनं विचारलं, "काय लपवतोयस?"

"आत ये. इथे बस. डोळे मीट."

"का?"

"एकदा तरी माझं ऐक गं."

तिनं डोळे मिटले. तो स्वयंपाकघरात कशाकशाची झाकणं काढत असल्याचा आवाज आला. मग त्यानं काहीतरी तिच्या नाकाशी धरलं. "कसला वास आहे?"

इमेल्डानं खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग हसली. "रिकामा डबा धरलायस. मला फसवतोस होय?"

तिनं डोळे उघडले. डबा कॉफीनं काठोकाठ भरलेला होता.

तिनं तो त्याच्या हातून ओढून घेतला आणि नाक आत खुपसलं, इतकं की पूड नाकाला लागली. मग व्हिनेगरची बाटली उघडली. मग तिची स्वतःची गव्हाची बर्बन. व्हिनेगर नाकाला नुसतं झोंबलं, बर्बननं तेवढंही केलं नाही. झोंबणं आणि जळणं याला नाक लागत नाही, ते डोळ्यालाही कळतं. एवढं तर ती कामावर आलेल्या नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवायची. वेंडेलचा काढा तिला का आवडला, ते तिचं तिलाच कळलं आणि ती खुर्चीत बसून लहान मुलीसारखी रडली.

"कधीपासून?" वेंडेलनं विचारलं. "त्या तापापासून?"

"मला काय ठाऊक! वास गेला की त्याचा काय आवाज होतो का?"

रविवारी चर्चमध्ये धुपाचं भांडं तिच्या जवळून झुलत गेलं. तिला फक्त धूर दिसला. फादर काय बोलले ते तिनं ऐकलंच नाही. तिच्या मनात एक सोपा बेत शिजत होता. सोमवारी चौथ्या घाण्याला 'हो' म्हणायचं. बाकीचे चौघे 'हो' म्हणतातच आहेत. डेल्मसच्या चाव्या वाचतील, आपली खुर्ची वाचेल, आणि वास काय, येईलही परत. कुणाला कळणार? आणि मग एखादं पिंप बुरसलेलं आलं की? तेव्हा चौघं तिच्या तोंडाकडे बघतील, आणि ती पुन्हा 'हो' म्हणेल. तिला स्वतःचीच शिसारी आली. जन्मभर लोकांना लबाड म्हटलं, आणि आता खरी लबाडी हाताशी आली होती, तीही किती सोपी.

सोमवारी दहा वाजता पाच पेले मांडले गेले. चौघांनी 'हो' लिहिलं. कॉरिन पेन्सिल धरून इमेल्डाकडे बघत होती. इमेल्डानं झाकण उचललं, नाक आत घातलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. मग तिनं झाकण परत ठेवलं.

"कॉरिन, माझे तिन्ही नकार खोडून टाक. घाण्यांत काही खोट नाही. मला जुलैपासून वासच येत नाहीये."

कॉरिन म्हणाली, "मिस इमेल्डा, हे सांगायची तुम्हाला काही..."

"गरज होती. डेल्मस कुठे आहे?"

तो बाहेरच्या बाकावर बसला होता, रविवारचा इस्त्रीचा शर्ट घालून. इमेल्डा त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून गेली: नाक, कॉफीचा डबा, आणि सप्टेंबरपासून तिनं त्याला चोर समजलं तेही. विशेषतः तेच. आता तरी हा भांडेल, असं तिला वाटत होतं. भांडावा असंही वाटत होतं.

डेल्मसनं हातातली टोपी एकदा फिरवली.

"म्हणजे पिंपं बरी होती?" त्यानं विचारलं.

"उत्तम होती. चौघंही तेच म्हणत होते."

"मलाही तसंच वाटायचं गं. पहिल्या नकारानंतर मी प्रत्येक पिंप दोनदा चाखलं, नंतर चार-चारदा. मला छान लागायची. मग म्हटलं, इमेल्डाला पोकळ लागते आणि मला छान लागते, म्हणजे माझीच जीभ गेली." तो उगाच हसला. "आज सकाळी साहेबांकडे गेलो आणि चाव्या देऊन आलो. म्हटलं, त्यांनी काढून घेण्याआधी आपणच द्याव्यात."

इमेल्डानं त्याच्या कमरेकडे बघितलं. जुडगा नव्हता. पट्ट्यावर तो लटकायचा तिथे चामडं झिजून पांढरं पडलं होतं. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"ऊठ," ती म्हणाली. "साहेबांकडे चल. त्या चाव्या मी मागून घेते, आणि दिल्या नाहीत तर त्यांच्या टेबलावर बसते."

पण दोघांपैकी कुणीच लगेच उठलं नाही.

"तीन महिने, डेल्मस! एकदा तरी माझ्यावर संशय घ्यायचास की रे."