तंबाखू लागली म्हणून

डॉक्टर सत्याप्पानं कॅज्युअल्टी आपणहून मागून घेतली, तेव्हा बेळगावच्या त्या दवाखान्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. साल एक्क्याऐंशी. कॅज्युअल्टी म्हणजे पाळी लागली की नाक मुठीत धरून उरकायची जागा. अपघात, विष, साप, भाजलेलं, येईल ते सावरायचं आणि वरच्या वॉर्डात धाडून मोकळं व्हायचं. तिथं कोणी शहाणा माणूस जन्म काढतो का? सर्जरीच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं. म्हणाले, "अरे, याची पदवी नाही, याला नाव नाही. बरा झालेला वरच्यांना हार घालतो आणि मेलेला तुझ्या नावावर. सर्जरी घे." सत्याप्पानं मान खाली घालून ऐकलं आणि जिना उतरून परत आपल्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. गाढवापुढं वाचली गीता, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

कारण त्याच्यापाशी होतं, पण ते कुणाला सांगण्याजोगं नव्हतं.

निपाणीत त्याचा बाप भीमाप्पा दुसऱ्यांच्या रानात मजुरी करायचा आणि आई तानीबाई घरी विड्या वळायची. ओल्या तंबाखूत दिवसभर राबलं की माणसाला मळमळतं, गरगरतं, घाम सुटतो. त्याला तिकडं 'तंबाखू लागली' म्हणतात. गूळपाणी पाजायचं, सावलीत निजवायचं, तासाभरानं गडी उठून बसतो. सत्याप्पा सातवीत असताना भीमाप्पा असाच घामानं डबडबून घरी आला. भावकीतले लोक दवाखान्यात न्यायला गाडी जुंपत होते, त्यांना तानीबाईनंच थांबवलं. "तंबाखू लागलीया. निजू द्या जरा." तिनं गूळपाणी पाजलं, पदरानं वारा घातला. भीमाप्पा उठला नाही.

पुढं कॉलेजात विषांवरचा तास चालला होता. कीटकनाशक अंगात गेल्याची लक्षणं: घाम, उलटी, तोंडाला लाळ, डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. सत्याप्पा लिहिता लिहिता थांबला. त्या दिवशी आप्पा, त्याचा बाप, फवारणीला गेला होता. पाठीवरचा पंप गळून सदरा भिजला होता, हे त्याला लख्ख आठवलं. वेळेत ॲट्रोपीनची इंजेक्शनं मिळाली तर असा माणूस वाचतो, हेही सरांनी त्याच दमात सांगितलं. भरल्या वर्गात त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. आईला सांगायचं तरी कसं? ते त्यानं गिळलं आणि गिळलेलंच ठेवलं.

तिची आपली एकच मागणी. "निपाणीत दवाखाना टाक रं. नावाची पाटी लाव. बायका इचारत्यात, तुझा डाक्तर कुटं बसतो?" तो बघू म्हणायचा. बेळगावातच अनगोळ भागातली एक खोली, स्टोव्हवरचा भात, लग्नाचंही बघू बघू करत मागं पडलेलं. त्यानं वाचवलेली माणसं येताना शुद्धीत नसत आणि शुद्धीवर यायची ती वरच्या मजल्यावर. रस्त्यात भेटली तर ओळख कुठून देणार? वाईट वाटायचं, अगदी आत लागायचं, पण तक्रार कुणाकडं करायची?

चौऱ्याऐंशीत तानीबाई भाकरी बांधून स्वतःच बेळगावला आली. लेक असं काय करतो ते एकदा बघावं म्हणून कॅज्युअल्टीतल्या बाकावर बसली. दुपारी निपाणीकडच्या एका मजुराला जीपमधून आणलं. त्याची बायको अंबुबाई मागोमाग धावत आली. "तंबाखू लागलीया वो. गूळपाणी पाजलं, तरी उठंना!"

सत्याप्पानं पापणी उचलून बघितली. कपडे उतरवले, अंग धुवून काढलं, इंजेक्शन दिलं. मग पुन्हा, आणि पुन्हा. तो खाटेपासून हललाच नाही. चारच्या सुमाराला गड्याची लाळ थांबली, बाहुल्या मोठ्या झाल्या, आणि त्यानं पाणी मागितलं.

सत्याप्पा अंबुबाईला म्हणाला, "बाई, तंबाखू न्हवं ही. फवारणीचं औषध भिनलंय. गूळपाणी पाजून निजवत बसला असतात तर गडी गेला असता."

हे तो प्रत्येकाला सांगायचा. मागं बाकावर आई आहे, हे त्याला वाक्य संपल्यावर आठवलं.

तानीबाईच्या मांडीवर भाकरी तशीच होती. ती म्हणाली, "तुझा बाप बी त्या दिशी पंपच मारायला गेलता."

"न्हाय आई. आप्पाचं काळीज बंद पडलतं. ते येगळं."

"आसंल. तू डाक्तर हाईस," ती म्हणाली.

संध्याकाळी त्यानं तिला निपाणीच्या एसटीत बसवलं. गाडी सुटताना तिनं खिडकीतून त्याचा हात धरला.

"तिथनं हलू नगंस, सत्या."

त्यानंतर ती पाच वर्षं जगली. पाटीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, आणि भीमाप्पाचाही नाही.