जमीन सुकली गो, पाणी घाल

मंडळी, आज महाडच्या घरी अंगण खोदताना गंजलेली पहार निघाली. तिला तांब्याची तार गुंडाळलेली होती.

ऐंशी सालच्या सुमारास अब्बा कुवेतला होते. अम्मीनं माडावर तार चढवून रेडिओला एरियल केली, रेडिओची दुसरी, अर्थिंगची तार या पहारीला बांधली आणि पहार जमिनीत ठोकली.

उन्हाळ्यात कुवेतचं स्टेशन खरखरलं की ती म्हणायची, "जमीन सुकली गो, पाणी घाल."

मी पहारीच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचे आणि समुद्रापलीकडचा माणूस स्वच्छ बोलू लागायचा. अरबी आम्हाला कळत नव्हती. निवेदकाचा आवाज शांत असला की तिकडे सगळं ठीक आहे असं समजून अम्मीला जेवण जायचं. मला आजही याचं नवल वाटतं.

आज अम्मीनं स्वतःच तांब्या भरून आणला आणि त्या रिकाम्या खड्ड्यात ओतला.

अब्बांना जाऊन दहा वर्षं झाली. तुम्हीच सांगा, जमिनीला किती लांबचं ऐकू येतं?