भाऊबीजेचा डबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक असतं, म्हणजे कुणाला उसने दिले, कुठल्या डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आलो, सगळंच — पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असतात तर नसतं सांगितलं, एवढा मी स्वतःला ओळखतो.

माझं नाव बाळाराम. भिवंडीजवळ काल्हेरला एका गोडाऊन कंपनीत मी लायझनला आहे. कंपनीला जमीन हवी असली की शेतकऱ्याच्या ओटीवर जाऊन बसायचं, त्याचा चहा प्यायचा, त्याच्या आजोबांची आठवण काढायची आणि मग हळूच सातबाऱ्यावर यायचं, हे माझं काम. आम्ही इथलेच, आगरी. आमची भातशेती कधीच गोडाऊनखाली गेली. त्यामुळे लोक मला घरचा समजतात. मी घरचा आहे, याचाच मला पगार मिळतो.

विधानसभेची निवडणूक आली की हे काम वाढतं. वर मुंबईहून मोठ्या पक्षाला कंपनीचा चेक जातो. तो रीतसर जातो, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. खाली आम्ही गाड्या देतो. गेल्या वेळी कंपनीच्या साहेबांनी मला आधीच बोलावून घेतलं आणि तालुक्यातल्या भोंगा लावलेल्या रिक्षा, मंडपवाले, आचारी, सगळे महिनाभरासाठी कंपनीच्या नावाने बांधून ठेवायला सांगितले. ठेवले. मग ते सगळे मोठ्या पक्षाच्या उमेदवाराच्या दिमतीला. त्याच्या गाड्यांची रांग निघाली की धामणकर नाक्यावर अर्धा तास ट्रॅफिक सुटायचा नाही. आणि बाकीचे उमेदवार? ते त्याच नाक्यावर एका भोंग्यासाठी रिक्षावाल्यांच्या हातापाया पडत होते, आणि प्रत्येक जण त्यांना सांगत होता, बुकिंग आहे, शेठ. याला निवडणूक म्हणायचं का? म्हणतात.

पण मी सांगायला बसलोय ते हे नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. बघा — अजून मी कडेकडेनेच फिरतोय.

दिघाशीच्या अलीकडे एक आदिवासी पाडा आहे. तिथली देवकी. तिचा बाप रामाकाका आमच्या शेतावर राबायचा, आणि मी नि देवकी एकाच शाळेत. माझी गणितं ती सोडवायची, मास्तरांचा मार मात्र आम्ही दोघं खायचो. तिला भाऊ नाही, मला बहीण नाही. लहानपणी कधीतरी तिने मला भाऊबीजेला ओवाळलं, ते दर वर्षी चालूच राहिलं. माझी मुलं मोठी झाली, कंपनीची गाडी आली, तरी भाऊबीजेच्या दिवशी मी पाड्यावर जायचो. लोकांना त्याचं कौतुक होतं. मलाही होतं, कशाला खोटं बोलू?

पाड्याला एक झरा आहे. होता. उन्हाळ्यात सगळ्या विहिरी आटल्या तरी तो पाझरायचा, बायका वाटीवाटीने हंडे भरायच्या. आमच्या नव्या शेडच्या नकाशात तो झरा पार्किंगमध्ये येत होता. देवकीने तहसीलला अर्ज केले, कलेक्टरकडे जाऊन आली, कुणी दाद दिली नाही. मग अंगणवाडीची नोकरी सोडून ती अपक्ष उभी राहिली. निवडून येणार नाही हे तिलाही कळत होतं. तिचं म्हणणं एवढंच, की आजूबाजूच्या पाड्यांनी एकगठ्ठा मतं दिली तर निवडून येणाऱ्याला ती मोजावी लागतील, आणि मग झऱ्यात माती टाकायला कुणी धजणार नाही. वेडी नव्हती. साहेबांनाही तेच वाटत होतं. मला म्हणाले, "बालाराम, वो मैडम तुम्हारी बहन है ना? जरा देख लो."

एकदा ती काल्हेरला ऑफिसात आली. प्लास्टिकच्या चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत पत्रकं. मला वाटलं गाडी मागायला आली असेल. तिने फक्त विचारलं, "दादा, लोक बोलतात तुमची कंपनी त्या मोठ्या पक्षाला गाड्या पुरवते. खरं हाय काय?"

मी म्हटलं, "न्हाय गं. कंपनी कुणाच्या अध्यातमध्यात न्हाय."

माझ्या मागच्या खिडकीतून आवारात उभ्या प्रचाराच्या गाड्या दिसत होत्या. तिने त्या बघितल्या असतील का? बघितल्या असतील. पण मी सांगितल्यावर तिने माझं ऐकलं. आणि वर सभेत कुणी कंपनीवर आरोप केला की ही बाई म्हणायची, ज्याची खात्री नाही ते बोलू नका, माझ्या भावाने मला सांगितलंय की कंपनी कुणाला काही देत नाही. विरोधात उभी राहून हिने आमची बाजू घ्यावी! ऑफिसात हसले सगळे. मीही हसलो.

मग दिवाळी आली, मतदानाच्या थोडी आधी. कंपनी दिवाळीला डबे वाटते. स्टीलचा मोठा डबा, आत काजूबदाम, झाकणावर कंपनीचं नाव कोरलेलं. सरपंच, तलाठी, ज्यांच्याशी काम पडतं त्या सगळ्यांना. माझ्याकडे काही उरले होते. भाऊबीजेच्या सकाळी मला निघायला उशीर झाला. दर वर्षी मी भिवंडीतून साडी घेऊन जायचो, त्या दिवशी म्हटलं बाजारात कोण शिरतो — आणि गाडीतला एक डबा उचलला. त्यात कपट नव्हतं. आळस होता. कपटाला डोकं लागतं.

देवकीने ओवाळलं, मी ताटात डबा ठेवला. तिने तिथल्या तिथे झाकण उघडलं आणि अंगणातल्या पोरांना मूठमूठ बदाम वाटले. रिकामा डबा तांदळाला ठेवला. पाड्यावर घरांना दारं असतात ती नावाला. दोन दिवसांत सगळ्यांनी डबा बघितला. मोठ्या पक्षाची पोरं प्रचाराला आली, त्यांनीही बघितला. त्यांना आणखी काय हवं होतं? कंपनीचा डबा देवकीच्या घरी. म्हणूनच ती सभेत कंपनीची बाजू घेते. बदामाखाली म्हणे नोटा होत्या. वरचे बदाम वाटले, खालचं ठेवून घेतलं.

आता सांगतो.

त्या पाड्यांवर मत एकट्याने ठरत नाही. मतदानाआधी मोठी माणसं बसतात, बोलतात, आणि मग सगळी घरं एका बाजूला जातात. भाताची झोडणी चालू होती, म्हणून ते बसले खळ्यावर. मला बोलावणं आलं. दुपार टळली होती. देवकी दुसऱ्या गावात प्रचाराला गेली होती. ती असताना विचारणं बरं नाही, म्हणून मुद्दाम तेव्हाच बसले होते ते. खळ्यावर पायताण चालत नाही, मी बूट-मोजे काढले आणि सारवलेल्या जमिनीवर जाऊन बसलो. मधोमध तो डबा ठेवला होता. त्यातले तांदूळसुद्धा कुणीतरी काढून घेतले होते.

रामाकाकाने विचारलं. बापानेच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं असणार. "बाला, पोर म्हणते तू भाऊबीज दिली. लोक म्हणतात कंपनीनं दिला. तू बोलशील ता आमी मानू. खरा काय ता सांग."

काय अवघड होतं त्यात? भाऊबीज दिली, मीच दिली, साडी आणायचा कंटाळा केला म्हणून डबा दिला. लाज वाटली असती, बायका हसल्या असत्या, संपलं असतं. पण मी तेवढं बोललो असतो तर पाडा देवकीच्या मागे गेला असता, त्याच्या मागे बाकीचे पाडे, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं असतं की तुला खळ्यावर बोलावलं होतं, तू काय केलंस. माझे दोन टेम्पो कंपनीत लागलेले आहेत. हे सगळं मला सुचायला किती वेळ लागला म्हणता? त्यांचा प्रश्न संपायच्या आत सुचलं होतं.

मी डब्याकडे बघितलं आणि म्हणालो, "डबा कंपनीचा हाय, काका."

खोटं नव्हतं ते. झाकणावर नाव होतं. पुढे मी काही बोललो नाही. ते थांबले होते — मी पुढे बोलेन म्हणून सगळे थांबले होते. मी पायाला चिकटलेलं भाताचं कुसळ काढत बसलो. मग रामाकाका उठला, डबा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुमचा हाय ना, न्या." मी तो घेतला. गाडीत ठेवला. घरी नेला.

हेच ते. तिची चूक नाही, पैसे नाहीत, काही नाही, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी कुसळ काढत बसलो.

पाडा मोठ्या पक्षाला गेला. बाकीचेही गेले. देवकीला तिच्या स्वतःच्या केंद्रावर इतकी कमी मतं पडली की मोजणाऱ्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. डिपॉझिट गेलं. उन्हाळ्याच्या आत झऱ्यावर मुरूम पडला. साहेब मला म्हणाले होते की मुरूम टाकताना तू तिथे उभा राहा, लोक तुझं ऐकतात. मी उभा राहिलो. कुणी काही बोललंच नाही, ऐकायचं काय? आता पाड्याला टँकर येतो. येतो त्या दिवशी येतो.

देवकीला अंगणवाडी परत मिळाली नाही. ती आता दुसऱ्या एका गोडाऊनला पॅकिंगला जाते, सकाळच्या शिफ्टला. पाड्यावरच्या बायकाही त्याच गाडीने जातात, तिच्या शेजारी बसत नाहीत. आणि बाप तिच्याशी बोलेना. एकाच घरात. ती ताट वाढायची, तो जेवायचा, उठायचा. तिने मला एकदा सांगितलं, अगदी सहज. माझा तिला राग नव्हताच. खळ्यावर मी काय बोललो ते तिला कळलं होतं, पण तिने त्याचा असा अर्थ लावला की मी पुढे सांगणार होतो, त्यांनी मला बोलूच दिलं नसेल. "तुला त्यांनी पुरता बोलू दिला नसंल, दादा." मी हो म्हणून मान हलवली. म्हणजे तिथेही.

गेल्या पावसाळ्यात रामाकाका आजारी पडला. भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात होता. देवकीचा फोन आला. तो तिच्याशी बोलला होता, दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला होता, बाळाराम माझ्यासमोर येऊन बोलला की ती भाऊबीज होती, तर मी मानीन. "ये ना दादा. एवढाच सांग त्याला." मी म्हटलं, येतो, निघालोच.

ऑफिसपासून दवाखाना किती लांब आहे? ट्रॅफिक धरून पाऊण तास. तिथे आता साहेब नव्हते, निवडणूक नव्हती, झरा तर बुजलाच होता. बोलून माझं काही जाणार नव्हतं. फक्त त्या म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं असतं. मी त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला, मी म्हटलं वाटेतच आहे. खुर्चीत बसून म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

दिवसकार्याला मात्र गेलो. मला पुढे बसवलं, कंपनीचा माणूस ना. पाड्यावरचे सगळे होते, पंगतीत बसले, जेवले, देवकीशी कुणी बोललं नाही. ती वाढत होती. माझ्या पानापाशी आली तेव्हा खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बापाला मी सांगितला होता, दादा वाटेत हाय. दोन दिवस दाराकडंच बघत होता."

मी पानातला भात संपवला. तिने विचारलं, अजून भात वाढू का? मी हो म्हणालो.