भूमची बारा दारं

साहेबांना कावीळ झाली म्हणून मला भूम बघायला मिळालं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पुण्यात एका आर्किटेक्टकडे मी ड्राफ्ट्समन होतो. भूमच्या गृहनिर्माण सोसायटीला बारा घरांचा नकाशा समजावून सभासदांच्या सह्या आणायच्या होत्या, आणि ऑफिसात बिनकामाचा मी एकटाच दिसलो.

पुण्याहून कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत चिमुकली नॅरोगेज गाडी. एका थांब्यावर एकजण खाली उतरला, तंबाखू मळली, चार शब्द बोलला आणि चालू गाडीत आरामात चढला. आता रूळ रुंद झालेत, ती मजा गेली. बार्शीहून पुढं एस्टी. पाऊस दोन वर्षं रुसलेला, रस्त्याकडेला दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती. स्टँडवर सोसायटीचे चेअरमन नाना न्यायला आले होते. निवृत्त तलाठी, आवाज खणखणीत. मुक्काम त्यांच्याच घरी, म्हणजे राहण्याचा खर्च शून्य. रात्री भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर खवा. भूमला गेलात तर खवा खाल्ल्याशिवाय परतू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत सभा भरली. शिक्षक, कंडक्टर, कारकून, झाडून सगळे मला इंजिनियर साहेब म्हणत होते. मीही दुरुस्त केलं नाही. मधे रस्ता, दोन्ही बाजूंना सहा-सहा घरं, असा आमचा नकाशा. तो बघता बघता नानांच्या कपाळाला आठी पडली. एका ओळीची सहाच्या सहा दारं दक्षिणेला होती! पुण्यात हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दक्षिणेचं दार घ्यायला कुणी तयार होईना, कुजबुज वाढली, माझ्या सह्या बुडायची वेळ आली.

एवढ्यात मागून एका कंडक्टरनं सांगितलं की आम्ही बौद्ध, दिशाबिशा मानत नाही. सभासदांत बौद्ध कुटुंबं होती सहा आणि दक्षिणेची दारंही सहा. मला हायसं वाटलं. मी लगेच पेन्सिल काढून त्या ओळीत सहा नावं लिहायला घेतली.

तेव्हा पहिल्या बाकावरच्या कमळबाई उठल्या. त्या त्याच शाळेत शिकवायच्या, त्या सहा बौद्ध कुटुंबांतलं एक त्यांचं.

"दक्षिणेचं आमाला काय न्हाय, साहेब. पण आमी समदे एका ओळीत म्हटल्यावर परत गावकुसाबाहेरच की."

नाना गडबडले. "बाई, तसं कुणाच्या मनात न्हाय."

"मनात नसंल, नाना. पण नकाशात हाय."

माझी पेन्सिल हातातच राहिली. लाज वाटली, अगदी सरळ लाज. मी घरं वाटत नव्हतो, माणसं बाजूला काढत होतो, आणि तेही खुशीत. बाईंनी काही मोठी मागणी केली नव्हती. शेजार हवा होता, सगळ्यांसारखा.

परतीची एस्टी मी सोडली. दुपारभर शाळेच्या बाकावर गुडघे दुमडून नवा नकाशा काढला. दोन्ही ओळी काटकोनात फिरवल्या, म्हणजे एकीची दारं उगवतीला, दुसरीची मावळतीला. मधल्या रस्त्याच्या जागी अंगण केलं आणि त्यात सगळ्यांचा हातपंप. मावळतीचं ऊन लागू नये म्हणून सलग पडवी काढली. बाईंनी वाकून पाहिलं आणि पडवीत कठडे नकोत म्हणाल्या, बायका पाय सोडून बसणार कुठं? मी कठडे खोडले. संध्याकाळी कुणाला कुठलं घर, हे ठरवायला नानांनी आपल्या टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. बाराही सह्या झाल्या.

पुण्यात साहेबांनी आधी मला झापलं, मग नवा नकाशा बराच वेळ पाहिला आणि सही ठोकली.

त्यानंतर मी पुष्कळ इमारती काढल्या, भपकेदारही. शेजार कसा आखायचा असं नवी मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना घरं पूर्ण झाल्यावर बाईंनी पाठवलेलं कार्ड दाखवतो. त्यात एवढंच आहे: "नानांचं दार आमच्या दारासमोर आलं. ते लेकीकडं ईट गावाला गेले की घराची किल्ली माझ्याकडं ठेवून जातात."